विश्वास आहे म्हणतो पण आत काहीच उरलं नाहीये, तुम्ही कसं धरून ठेवता?

रिकामी_मूठ (नाना पेठ)

सगळ्यांना जय ख्रिस्त. इथे चार-पाच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

थोडक्यात सांगतो. माझा छोटा छापखाना होता, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असलं काम. लॉकडाऊनमध्ये लग्नंच बंद झाली आणि नंतर सुरू झाली तेव्हा लोकांना व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवायची सवय लागली होती, आता कोण छापतंय. मागच्या दिवाळीत मशीन विकलं, भंगाराच्या भावात गेलं म्हणा ना, कर्ज मात्र आहे तसंच आहे. आईच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बायको पोरीला घेऊन नगरला माहेरी गेलीये, भांडण वगैरे नाही झालं, पण परत कधी येणार हे तीही बोलत नाही आणि मीही विचारत नाही. फोनवर पोरगी विचारते पप्पा जेवलास का, एवढंच.

आता मुद्दा. आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. बाप्तिस्मा, संडे स्कूल, दृढीकरण, तरुण संघ, सगळं झालंय. चर्चमध्ये मी ढोलकी वाजवायचो. आता जातो आणि शेवटच्या बाकावर बसतो. गाणं लागलं की पुस्तक उघडून धरतो, ओठ हलवतो, आवाज येतच नाही. अर्पणाची पिशवी आली की मूठ झाकून आत घालतो आणि तशीच रिकामी बाहेर काढतो. कोणाला कळू नये म्हणून. हे लिहितानापण लाज वाटतेय.

प्रार्थना करायला बसलो की छताकडे बघत बसतो. देव नाही असं नाही वाटत, आहे असंच वाटतं, पण तो दुसऱ्या कोणाच्यातरी घरी आहे असं वाटतं. रात्री झोप नाही, आणि कधीकधी वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं.

तर ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा, विश्वास ठेवा म्हणजे नेमकं काय करायचं? वचनं पाठवू नका प्लीज, ती मला पाठ आहेत.

---

आशिषांचा_वर्षाव

प्रिय बंधू, निराश होऊ नकोस! मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो. ही सैतानाची लढाई आहे. कुठेतरी काही कबूल न केलेलं पाप राहिलंय का ते तपासून बघ आणि 21 दिवस उपास-प्रार्थना धर, तुझा विश्वास वाढला की दारं उघडतील. आमच्या घरसभेत ये, आम्ही हात ठेवून प्रार्थना करू. आमेन!!

---

जुनी_सिस्टर (वडगाव शेरी)

वरच्या भाऊंना आधी एक सांगते, मग धागाकर्त्याशी बोलते. भाऊ, तो माणूस झोपत नाहीये, जेवतोय की नाही ते त्याची पोरगी फोनवर विचारतेय, आणि तुम्ही त्याला उपास सांगताय?

मी एकतीस वर्षं नर्स होते, निम्मी नोकरी रात्रपाळीत. म्हणून सरळ विचारते, राग मानू नको बाळा. सकाळी जाग येऊ नये असं वाटतं म्हणालास, ते नुसतं थकून वाटतंय की स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो? येत असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघत बसू नको, आत्ताच्या आत्ता 14416 ला फोन लाव. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि घरात आईला किंवा शेजारी कोणालातरी सांग. डॉक्टरकडे जाण्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. शुगरची गोळी घेताना आपल्याला कोणी म्हणतं का की तुमचा विश्वास कमी आहे?

वचनं पाठवू नका म्हणालास म्हणून गोष्ट सांगते, ती पण तुला माहीत असणारच. एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच ईजबेल राणीच्या एका धमकीने हा पळत सुटला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला बस झालं, माझा जीव घे. आता देवाने त्याला काय केलं बघ. रागावला नाही, प्रवचन दिलं नाही, कुठलं पाप राहिलंय विचारलं नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी. खाल्लं आणि परत झोपला, तरी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हा परत जेवायलाच, वाट लांबची आहे म्हणून. पुढे देव मंद वाणीत त्याच्याशी बोलतो तो प्रसंग सगळ्यांना आवडतो, पण तो त्यानंतर चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर आहे. आधी दोन जेवणं आणि दोन झोपा.

वॉर्डात रात्री तीन वाजता माणसं जे बोलतात ना ते दिवसा नाही बोलत. मी त्यांना गरम काहीतरी प्यायला द्यायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. बाकी मला काही येत नव्हतं.

---

आशिषांचा_वर्षाव

ताई माझा हेतू वाईट नव्हता. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्ही घरच्यांनी 40 दिवस उपास केला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, तो वाचला. साक्ष आहे म्हणून सांगतो.

---

जुनी_सिस्टर

भाऊ वाचला, देवाची स्तुती असो, मनापासून म्हणते. पण माझ्या डोळ्यासमोर ज्यांचे नाही वाचले त्यांच्या आयांनीही उपासच केले होते हो. त्यांना मी काय सांगायचं, तुमचे दोन दिवस कमी पडले?

---

सेमिनरीवाला

बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावलेल्या त्या माणसाच्या, मित्रांचं प्रकरण झालंय इथे थोडं. (वर्षावभाऊ, तुम्हाला टोमणा नाही, मी स्वतः पहिल्या वर्षी असताना एका माणसाला याहून वाईट बोललोय आणि ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.) त्या मित्रांनी सुरुवात चांगली केली होती, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं तिथून बिघडलं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर चिडतो आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. म्हणजे ज्याने स्वतःच्या जन्माच्या दिवसाला शिव्या घातल्या तो नीट बोलला आणि जे देवाची बाजू घेऊन भांडत होते ते चुकले.

रिकामी_मूठ, तू विचारलंस नेमकं काय करायचं. मला एवढंच माहितीये की तक्रार करायची, पण त्याच्याच तोंडावर करायची. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं, त्यातली जवळपास तिसरा हिस्सा रडगाणी आहेत. आपण चर्चमध्ये ती म्हणत नाही फारशी, 23 वं म्हणतो, 121 वं म्हणतो. 88 वं कोणी म्हणताना ऐकलंय? बाकीच्या रडक्या स्तोत्रांना शेवटी बहुतेक वेळा वळण मिळतं, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. 88 ला तसं काहीच नाही, ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांना ते काढून टाकता आलं असतं, नाही काढलं. मला सगळ्या बायबलमध्ये सगळ्यात जास्त धीर त्याचा वाटतो, का ते नीट सांगता येत नाही.

आणि गुड फ्रायडेला बारा ते तीन आपण बसतो तेव्हा प्रभूचा वधस्तंभावरचा चौथा शब्द येतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ती पण 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ. म्हणजे प्रभूला स्वतःला त्या वेळी नवीन शब्द सुचले नाहीत, लहानपणी पाठ केलेलंच तोंडात आलं. तू म्हणतोस वचनं पाठ आहेत पण काही होत नाही. असू देत पाठ. ओठ हलवतोस ना, हलव.

अजून एक. आपण शुक्रवारी रडतो आणि रविवारी पहाटे पुनरुत्थानाची गाणी म्हणतो, मधल्या शनिवारचं काय? त्या दिवशी शिष्यांना रविवार येणार आहे हे माहीत नव्हतं. शुभवर्तमानात त्या दिवसाबद्दल जवळजवळ काही लिहिलेलंच नाही, बाया शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून घरी थांबल्या एवढं लूकमध्ये आहे. नुसत्या थांबल्या. सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली होती, ती पण प्रेताला लावायला, ही काही पुनरुत्थानाची आशा नव्हे. तू शनिवारी आहेस असं समज. रविवार कधी हे मी सांगू शकत नाही, मला खोटं बोलायचं नाहीये.

---

शनवारपेठी

शनिवारचं महत्त्व शनिवार पेठेत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही 😀

अवांतर होईल पण लिहितो, मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात अजूनही 1890 च्या पंचहौदच्या चहाचा किस्सा सांगतात, मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि लोकमान्यांवर कसा गहजब झाला ते, तर अशा घरातला मी. पण धागा वाचून राहवलं नाही.

सेमिनरीवाल्यांनी तोंडावर तक्रार करायची म्हटलं ते वाचून तुकोबाच आठवले. दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. धंदा बुडालेला माणूस होता तो, हे आपण विसरतो, वारीत नाचणारे तुकोबा तेवढे डोळ्यासमोर असतात. आणि विठोबाला काय काय बोललेत, आपण शेजाऱ्याला बोलणार नाही. तरी सोडलं नाही. तुमचे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे ना की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, तो पूल मला वाटतं हाच असावा, देवाशी भांडायचा हक्क.

बाकी मला कळत नाही त्यातलं. छापखान्यातलं काम येतं तर डीटीपीची फुटकळ कामं देऊ शकतो, ओळखीत दोन क्लासवाले आहेत, नोट्स टाइप करून हव्या असतात. फार पैसे नाहीत त्यात. व्यनि (वैयक्तिक निरोप) करा.

---

केडगावची_नात

माझी आजी रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. त्यामुळे पंडिता रमाबाईंची गोष्ट आमच्याकडे जेवताना, भांडी घासताना, कशीही निघायची, आणि लोक ती प्रेरणादायी म्हणून सांगायला लागले की मला जरा कंटाळा येतो खरं सांगते. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, तान्ही मुलगी कडेवर. पुढे शारदा सदन, केडगाव, हजारो बायका-मुली, हे सगळं पुस्तकात असतंच.

पण आजी जे सांगायची ते वेगळं. बाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त अजून मिळायचाय. आठ वर्षं! एवढी संस्कृत पंडिता, प्रार्थना करतेय, काम करतेय, आणि आत तसंच. आजी म्हणायची मग आपण आठ महिन्यांत का घाबरायचं.

आणि शेवटी 1921 मध्ये ती एकुलती एक मुलगी मनोरमापण गेली. त्यानंतर बाई पुढच्या एप्रिलपर्यंत होत्या, बायबलच्या मराठी भाषांतराचं काम शेवटपर्यंत चालू. त्यांना त्या महिन्यांत आत काय वाटत होतं मला माहीत नाही, कोणाला माहीत असणार. काम करत होत्या एवढं खरं.

माझ्या घरी असंच काही झालं तेव्हा मी रोज फक्त आमच्या पितयाची प्रार्थना म्हणायचे, तीही अर्धी. आमची रोजची भाकर आज आम्हास दे, इथपर्यंत आलं की थांबायचे. पुढचं क्षमेबिमेचं जमायचं नाही. दीड वर्ष भाकरीवरच थांबले होते.

---

दुसरी_घंटा (रास्ता पेठ)

मी पीएमटीत कंडक्टर होतो, रिटायर झालो. आमच्या मंडळीत बारा वर्षं खजिनदार होतो, पिशवी फिरवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचं कारण चिल्लर मोजायची सवय.

तर भावा, पिशवी धरणाऱ्याला कळतं. मूठ आत गेली आणि वजन नाही आलं की हाताला लगेच कळतं, मी तर नाणं एकाचं की दोनाचं तेपण सांगायचो. तू एकटा नाहीस. दर रविवारी पाच-सात मुठी रिकाम्या असायच्या, महिनाअखेरीला जास्त. चांगले सुटाबुटातले लोक असायचे त्यात. मी कधी कोणाला बोललो नाही आणि कोणाच्या तोंडाकडेही बघायचो नाही, पिशवी जरा जास्त वेळ धरायचो तेवढंच, म्हणजे बाजूच्याला वाटावं काहीतरी पडलं. सांगायचं कारण, तुला वाटतंय तू चर्चमध्ये सगळ्यांना फसवतोयस. तसं नाहीये ते.

मला वचनं कमी येतात पण बायबलमधल्या कफर्णहूम गावच्या पक्षाघाती माणसाची गोष्ट मला फार आवडते, चौघांनी छप्पर उचकटून बाज खाली सोडली ती. त्यात लिहिलंय येशूने त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाला म्हटलं. त्यांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता का नव्हता त्याचा काही उल्लेखच नाही, तो एक शब्द बोलत नाही सगळ्या गोष्टीत, पडून आहे नुसता. मी एकदा पाळकसाहेबांना विचारलं होतं की साहेब त्याचा विश्वास कुठाय, तर ते हसले आणि म्हणाले, तो चौघांच्या खांद्यावर होता की.

माझी मिसेस गेली तेव्हा मी सात-आठ महिने चर्चला जाऊन नुसता बसायचो. विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं) म्हणताना सगळे उभे राहायचे, मी पण उभा राहायचो आणि गप्प. तेव्हा शेजारच्या बाकावरचे एक मास्तर मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, माझ्याकडे न बघता. मला तेव्हा राग यायचा त्यांचा. नंतर कळलं.

आता कामाचं. आईचं डायलिसिस कुठे करतोस, पैसे भरून? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात जा, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्यालाच भेट, काउंटरवर विचारत बसू नको, ते इकडून तिकडे फिरवतात. तुला जमत नसेल तर मी येतो बरोबर, मला दिवसभर दुसरं काय काम आहे. आणि बँकेत कर्जाचं पण एकदा समोर जाऊन बोल, फोन उचलत नसशील तर ते वाईट, मी पण एकदा तेच केलं होतं.

---

रिकामी_मूठ

चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांची उत्तरं वाचली, दोन-दोनदा वाचली.

सिस्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तसं काही करायचं ठरवलेलं वगैरे नव्हतं, पण विचार येऊन जायचा, हे खरंय. मधल्या एका रात्री 14416 लावला. पाच-सहा वेळा नंबर टाइप करून पुसला मग लावला. एक बाई होत्या, वीसेक मिनिटं बोललो, मुख्य म्हणजे मीच बोललो. त्यांनी डॉक्टरांना भेटायला सांगितलंय, बुधवारी जाणार आहे. आईला पण सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, ती म्हणाली मला माहितीये रे, रात्रभर तुझ्या खोलीतला दिवा दिसतो.

दुसरी_घंटा काका, तुमचं वाचून आधी खूप वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे पिशवी जे फिरवतात ते पण जरा जास्तच वेळ धरतात हे मला आत्ता आठवतंय. मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतायत.

रेशनकार्ड केशरी आहे. योजनेचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, दीड वर्ष पैसे भरतोय. तुम्ही खरंच याल का?

सेमिनरीवाला, 88 वं उघडलं. पूर्ण वाचलं. आवडलं म्हणता येत नाही पण खोटं वाटलं नाही त्यातलं काही, बऱ्याच दिवसांनी. बरं वाटायला लागलंय असं मात्र समजू नका, काल रात्री परत तीन वाजेपर्यंत जागाच होतो.

वर्षावभाऊ, तुमच्यावर राग नाही. भाऊ वाचला ते चांगलं झालं.

---

आशिषांचा_वर्षाव

माफ कर भावा. मी उपासाचं बोललो ते परत घेतो. मी कोंढव्यात असतो, माझ्याकडे रिक्षा आहे, आईला न्यायला-आणायला कधीही सांग, भाडं नको.

---

दुसरी_घंटा

सोमवारी सकाळी दहाला क्वार्टर गेटला सिटी चर्चच्या दारात थांबतो. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट सगळं घे, झेरॉक्सचे दोन-दोन सेट कर, तिकडे झेरॉक्सवाला पाचाला एक लावतो.

---

जुनी_सिस्टर

बुधवारी डॉक्टर काय म्हणाले ते कळव. आणि आईचं डायलिसिस कुठल्या वारी असतं? त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाक करायचं त्राण कोणाला नसतं, मी डबा आणते.

---

रिकामी_मूठ

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची शिफ्ट, एकपर्यंत होतं. तिला मीठ एकदम कमी लागतं आणि टोमॅटो चालत नाही. भाकरी आवडते.